आधी वारा, मग विमान

कोचीहून लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाकडे निघालेलं छोटं विमान खाली यायला लागलं तेव्हा मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. त्यांना निळं-हिरवं पाणी बघायचं होतं. खिडकीबाहेर मात्र राखाडी ढगांखेरीज काहीच नव्हतं. विमान एकदा खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग वैमानिकाचा शांत आवाज आला: अगत्तीवर जोराचा पाऊस आणि वारा आहे, धावपट्टी दिसत नाही, आपण कोचीला परत जातोय. दिवस होते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातले. पुढचे दोन दिवस आम्ही कोचीत आभाळाकडे बघत काढले. सुट्टी संपली, परवान्याचे दिवसही संपत आले, आणि लक्षद्वीप न बघताच आम्ही मालवणला परतलो.

शेजारचे तांडेलकाका ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांची होडी किनाऱ्यावर ओढून झाली होती, वर झावळ्याही पडल्या होत्या. सगळी हकिकत त्यांनी मान खाली घालूनच ऐकली आणि म्हणाले, "गो बाय, आगोटीक कोण दर्यात जाता? पावस बघू नको, वारो बघ." आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड.

बेटावर जायचा हंगाम कसा ठरवावा, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. आपल्यातली बरीच माणसं डोंगरात, पठारावर राहणारी. आपल्याला ऋतू म्हणजे ऊन, पाऊस आणि थंडी. उष्ण कटिबंधातल्या बेटावर थंडी जवळपास नसतेच, ऊन बाराही महिने असतं आणि पाऊस येऊन जातो. तिथला ऋतू बदलतो तो वाऱ्याची दिशा आणि जोर बदलल्यावर. विमान उतरेल का, बोट सुटेल का, पाण्याखालचं प्रवाळ दिसेल का, हे सगळं त्या वाऱ्यावर ठरतं. हे डोक्यात ठेवून, मुलं मोठी झाल्यावर, मी २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा तिकडे गेले. या वेळी सोबत थोरली बहीण होती.

मुंबईच्या सरळ खाली

नकाशा उघडून मुंबईपासून सरळ दक्षिणेला रेघ ओढली, तर समुद्रातून साधारण नऊशे किलोमीटरवर ती अगत्तीच्या जवळून जाते. लक्षद्वीपला आपण केरळच्या बाजूचं काहीतरी समजतो, पण रेखांशानं ते आपल्या दारातच आहे. छत्तीस बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती, आणि सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास होती.

विमानानं पोचायचं तर दार एकच, अगत्ती. १९८८ पासून इथे विमानं उतरतात. बेट लांबट आणि अरुंद. त्याच्या दक्षिणेकडच्या निमुळत्या टोकावर जेमतेम बाराशे मीटरची धावपट्टी आहे. मुंबईची मोठी धावपट्टी याच्या जवळपास तिप्पट. म्हणून इथे जेट विमानं येत नाहीत, पंख्याची एटीआर विमानं येतात आणि सामानाच्या वजनावर कडक नजर असते. वर्षानुवर्षं हा प्रवास कोचीमार्गेच करावा लागे. २०२४ मध्ये गोव्यातल्या मोपाहून अगत्तीला विमान सुरू झालं आणि सिंधुदुर्गातल्या आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. ही उड्डाणं रोज असतातच असं नाही, आणि वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. म्हणून रजा मांडण्याआधी विमानाचे वार बघून घ्यावेत.

छोट्या धावपट्टीला वारा फार जवळचा. समोरून वारा आला तर विमानाला उचल मिळते आणि ते कमी अंतरात थांबतं. तोच आडवा आला तर उतरताना विमान सरळ ठेवणं कठीण होतं. पट्टी ओली असली की ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, आणि इथे जास्त अंतर नाहीच, पुढे समुद्र आहे. अगत्तीची पट्टी ईशान्य-नैऋत्य अशी पसरलेली आहे. हिवाळ्यात ईशान्येकडून मंद वारा आला की तो पट्टीच्या रेषेत वाहतो. पावसाळ्यात पश्चिमेकडून झोत आला की तो तिच्यावर तिरका येतो. वर ढग खाली उतरलेले असतात, आणि ठरावीक उंचीपर्यंत येऊनही वैमानिकाला पट्टी दिसली नाही तर त्यानं परतच फिरायचं असतं. मे महिन्यात आमच्या वैमानिकानं नेमकं तेच केलं, आणि बरोबरच केलं.

मतलई नसलेलं बेट

मालवणात वाढलेल्या माणसाला वाऱ्याचं रोजचं घड्याळ पाठ असतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. अगत्तीवर पहिल्या सकाळी मी सवयीनं मतलईची वाट बघत किनाऱ्यावर बसले. तो आलाच नाही. मग लक्षात आलं, जेमतेम किलोमीटरभर रुंदीची ही जमीन तापून आणि निवून असा कितीसा वारा फिरवणार? इथे जो वारा वाहतो तो अख्ख्या अरबी समुद्राचा. तो दिवसाच्या नव्हे, वर्षाच्या हिशेबानं फिरतो.

वर्षाचा हिशेब असा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून जोरानं येतो. आशियाची जमीन तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि विषुववृत्ताच्या पलीकडून दमट हवा ओढली जाते. ती आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळते आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे धावते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उलटा वारा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, कोरडा आणि मवाळ. मधले दोन संधिकाल, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे वारा कूस बदलण्याचे. समुद्रात चक्रीवादळं उठतात तीही मुख्यतः याच दोन काळांत.

आपण मोसमी वारे म्हणतो त्यातला 'मोसम' अरबी शब्दावरून आला, त्याचा अर्थच हंगाम. खलाशांनी वाऱ्यालाच हंगामाचं नाव दिलं. लक्षद्वीपचे व्यापारी गलबतं घेऊन मंगळूर आणि कालिकतला खोबरं, काथ्या न्यायचे आणि तांदूळ आणायचे, तेही याच हिशेबानं. पावसाळ्याआधी गलबतं किनाऱ्यावर चढायची. अगत्तीवर आमचा मुक्काम ज्यांच्या घरी होता ते गृहस्थ ट्यूना मासेमारी करणारे. लांब काठीला गळ बांधून ते एकेक ट्यूना उचलतात, आणि त्यासाठी लागणारे छोटे जिवंत मासे आतल्या उथळ पाण्यातून पकडतात. त्यांचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत. मी त्यांना नारळी पौर्णिमेबद्दल सांगितलं, की आमचे कोळी समुद्राला नारळ देऊन पुन्हा होड्या पाण्यात घालतात. ते हसून म्हणाले, "आमच्याकडे नारळ देत नाहीत, पण वाट तेवढीच बघतात."

एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हती. मोसमी पाऊस केरळात दाखल झाल्याची घोषणा करताना हवामान खातं ज्या चौदा केंद्रांवरचा पाऊस बघतं, त्यांत लक्षद्वीपचं मिनिकॉय आणि अमिनी ही दोन आहेत. १० मेनंतर या चौदांपैकी किमान साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, आणि वाऱ्याच्या व ढगांच्या कसोट्याही पुऱ्या झाल्या, की घोषणा होते. कोकणात मृगाची वाट बघत बसलेला शेतकरी नकळत या बेटांवरच्या पर्जन्यमापकाकडेही डोळे लावून बसलेला असतो.

आणि तरीही पाऊस हा इथला मुख्य अडसर नाही. मिनिकॉयला वर्षाकाठी साधारण सोळाशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणाच्या निम्मा. पावसात भिजायला आपण कधीच घाबरलो नाही. पण जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यावर लाटा आपटत राहतो, आतलं पाणी गढूळ होतं, छोट्या बोटी बंद पडतात. एका बेटावर आलात तर शेजारचं बेट डोळ्यांना दिसूनही गाठता येत नाही. तांडेलकाकांचं म्हणणं या आकड्यांतही तसंच्या तसं सापडतं.

आपल्या सुट्ट्या आणि त्यांचा समुद्र

मराठी घराची मोठी अडचण अशी, की आपल्या सुट्ट्या आणि बेटाचा हंगाम जुळत नाहीत. म्हणून एकेका सुट्टीचा विचार करू.

मे महिन्याची सुट्टी सगळ्यांत फसवी. एप्रिलच्या पूर्वार्धात समुद्र अगदी आरशासारखा असतो, फोटो याच दिवसांतले सुंदर येतात, आणि ते बघून आपण मेची तिकिटं काढतो. मे उजाडतो तसा उकाडा असह्य होतो, दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात, आणि महिन्याच्या मध्यापासून लांबून येणाऱ्या लाटा मोठ्या होऊ लागतात. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ १४ आणि १५ मे रोजी लक्षद्वीपवरून गेलं. पुढच्या दोन दिवसांत त्यानं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागा झोडपल्या आणि मुंबईजवळून जात गुजरात गाठलं. मेमध्येच जायचं असेल तर पहिल्या आठवड्याच्या पुढे जाऊ नये, असं मी आता सांगते. त्याआधी, एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षा संपत असतील तर तेव्हाच गेलेलं उत्तम.

दिवाळीची सुट्टी अर्धी जमेची. पाऊस नुकताच संपत आलेला असतो, माड तजेलदार असतात, गर्दी कमी असते. पाणी अजून पूर्ण निवळलेलं नसतं आणि अधूनमधून सरी येतात. वादळाची शक्यताही असते. २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लक्षद्वीपवर धडकलं. त्याचीच शेपटी मुंबईपर्यंत आली, म्हणून ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. दिवाळीत जाणाऱ्यानं निघण्याआधी आठवडाभर रोज हवामान खात्याचा अरबी समुद्राचा अंदाज वाचावा. तिथे कमी दाबाचं क्षेत्र दिसलं तर बेत पुढे ढकलायची मनाची तयारी ठेवावी.

नाताळची सुट्टी हवेच्या दृष्टीनं निर्धोक, पण तिकिटं आणि खोल्या दोन्ही महाग आणि दुर्मीळ. परवानाही आधीपासून लागतो. लक्षद्वीपला बाहेरच्या भारतीयांनाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी पोलिसांच्या दाखल्यासह कागदपत्रं जमवायची तर महिनाभर आधी लागलेलं बरं.

राहिला जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ. हा खरा हंगाम. वादळांचा काळ मागे पडलेला, वारा मवाळ, पाणी नितळ, रात्री सुखाच्या. शाळेच्या मुलांना तेव्हा नेणं अवघड, हे मान्य. पण ज्यांच्या मागे शाळा नाही, निवृत्त झालेले, नुकतं लग्न झालेले, किंवा आम्हा दोघी बहिणींसारखे मुलं मोठी झालेले, त्यांनी हाच काळ धरावा.

या काळाला अलीकडे एक जोड आहे. बेटावरचे जवळपास सगळे लोक मुसलमान आहेत, आणि रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला आला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढची काही वर्षं तो नेमका आपल्या या उत्तम हंगामात पडणार. त्या दिवसांत दिवसा खानावळी बंद असतात आणि बोटीवरचा माणूस उपाशीपोटी उन्हात वल्हवत असतो. आम्ही गेलो तेव्हा रमजानला आठवडाभर अवकाश होता आणि घराघरांत साफसफाई चालली होती. तारखा बघून जावं, एवढंच.

फेब्रुवारीतलं पाणी

मोपाहून निघालेलं विमान ढगाच्या एका तुकड्याशिवाय दक्षिणेला उडत राहिलं. एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली बघायला आडकाठी नसते. आधी नुसता गडद निळा समुद्र होता. मग त्यात फिकट हिरव्या रंगाचं एक कडं उमटलं, त्याच्या कडेला पांढऱ्या फेसाची रेघ आणि एका बाजूला माडांचा पुंजका. ताईनं माझा हात दाबला. वैमानिकानं उतरायला सुरुवात केली आणि विमान दोन्ही बाजूंना पाणी ठेवून त्या चिंचोळ्या पट्टीवर अलगद टेकलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला मेमधली ती राखाडी खिडकी आठवली.

इथली बेटं बहुतेक प्रवाळाच्या कड्याच्या पूर्वेच्या कडेवर उभी आहेत, आणि कड्यानं वेढलेलं उथळ पाणी त्यांच्या पश्चिमेला असतं. वारा ईशान्येचा असला की बेट स्वतःच त्या पाण्याला आडोसा देतं. हिवाळ्यात आतलं पाणी इतकं शांत का असतं, त्याचं एक उत्तर हे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी पायाची बोटं मोजू शकत होते. दुसऱ्या सकाळी समुद्री गवतावर चरणारी हिरवी कासवं आम्हाला होडीतून दिसली. एक तर श्वास घ्यायला इतकं जवळ आलं, की त्याचा फुस्स आवाज ऐकू आला.

दिवस निवडताना चंद्रही बघावा, हे मी कोकणातूनच शिकून गेले होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. आम्ही महाशिवरात्रीच्या आठवड्यात होतो. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं उतरायचं, की होडी प्रवाळावर घासू नये म्हणून भरतीची वाट बघावी लागे. बदल्यात रात्री आभाळ काळंभोर आणि ताऱ्यांनी खच्चून भरलेलं. पोहण्यासाठी आणि प्रवाळ बघण्यासाठी जायचं तर भांगाचे दिवस सोयीचे. तारे बघायचे तर अमावास्या धरावी.

एक तयारी ऋतू कोणताही असो, करावीच. परतीच्या विमानाला जोडून त्याच दिवशीचं पुढचं तिकीट काढू नये. हातात एक दिवस मोकळा ठेवावा. बाराशे मीटरच्या पट्टीवर फेब्रुवारीतही एखादा ढग आडवा येऊ शकतो.

बेटाची बाजू

आपल्याला सोसवेल तो हंगाम आपण निवडतो. बेटाला सोसवेल का, हेही विचारायला हवं. प्रवाळ हे जिवंत प्राणी आहेत. पाणी नेहमीपेक्षा फार काळ जास्त तापलं की ते त्यांच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर घडलं. इथलं पाणी सर्वांत जास्त तापतं ते एप्रिल-मेमध्ये. म्हणजे आपल्या सुट्टीच्या गर्दीत प्रवाळ आजारी असतं. त्या वेळी त्याला पाय लावणं, त्याच्यावर नांगर टाकणं हे तापानं फणफणलेल्या माणसाला उठवून कामाला लावण्यासारखं आहे.

पाण्याचंही तसंच. या बेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर हलक्या थरासारखं तरंगतं. विहिरीला लागतं ते हे पाणी. पावसाळ्यानंतर थर जाड असतो, उन्हाळ्याच्या अखेरीस पातळ. इथल्याच कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे. वरचं उबदार पाणी कमी दाबाखाली वाफाळायचं आणि शेकडो मीटर खालून ओढलेल्या गार पाण्यानं ती वाफ निववायची, अशी त्याची रीत. पुढे अगत्ती आणि मिनिकॉयलाही असे प्रकल्प झाले. तरी मे महिन्यात दिवसातून दोनदा शॉवर घेणारा पाहुणा बेटाला जड होतो. फेब्रुवारीतला पाहुणा तुलनेनं हलका.

इतर बेटांचे वारे

वाऱ्याचा हा नियम दुसऱ्या बेटांनाही लावता येतो, फक्त प्रत्येकाचा वारा वेगळा. अंदमानला दोन्ही मोसमांचा पाऊस मिळतो, मेच्या उत्तरार्धात सुरू झालेला पाऊस नोव्हेंबरपर्यंत येत-जात राहतो. सेल्युलर जेल बघायला जाणाऱ्यांनीही जानेवारी ते एप्रिल हेच महिने धरावेत. मालदीवचा कोरडा काळ डिसेंबर ते एप्रिल, लक्षद्वीपसारखाच. विषुववृत्त ओलांडलं की गणित उलटं होतं. मॉरिशसमध्ये, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहतात, वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. तिथे आपल्या मेच्या सुट्टीत हवा थंडावत असते आणि ऑक्टोबर तर फार छान. बालीतही एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे. म्हणजे मेमध्येच जावं लागणार असेल तर लक्षद्वीपचा हट्ट सोडून विषुववृत्ताखालचं बेट शोधावं.

अगत्तीहून परतले त्या संध्याकाळी तांडेलकाकांकडे गेले. त्यांच्यासाठी सुकवलेल्या ट्यूनाचा तुकडा आणला होता. त्यांनी तो नाकाशी धरला, मान डोलावली आणि बाजूला ठेवला. कासवं किती दिसली, पाणी कसं होतं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"वारो कसो होतो?"

"सकाळी पडलेलो. दुपारनंतर ईशान्येचो, हलको," मी म्हटलं.

"मगे बरा झाला," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा जाळं हातात घेतलं.